पाच क्रुसांचा दगड

कळव्याच्या वरच्या डोंगरातल्या एका खाणीत इनास बावीस वर्षं पाथरवट होता. दगड चांगला की वाईट हे तो तीन गोष्टींनी ठरवायचा. आधी हातोडीचा हलका ठोका. दगड खणखणला पाहिजे. मग बोट फिरवून पाहायचं. आणि शेवटी पाणी. दगडावर बादलीभर पाणी ओतायचं, तो उन्हात ठेवायचा आणि वाळेपर्यंत समोरून हलायचं नाही. सगळा दगड वाळतो, पण आत शीर असेल, म्हणजे डोळ्याला न दिसणारी चीर असेल, तर तिथे ओल राहते. केसाएवढी काळी रेघ दिसते. एखादा दगड ठोक्याला फसवतो, पाण्याला फसवत नाही. बाकीचे पाथरवट एवढा वेळ घालवत नसत. इनास घालवायचा. म्हणून जात्याची तळी, उंबरठा, थडग्याची फरशी असलं नेमकं काम त्याच्याकडे यायचं.

त्याचा धाकटा भाऊ सांतान त्याच खाणीत होता. एकोणीसशे पन्नासच्या मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका शुक्रवारी, सुरुंग उडाला तेव्हा सांतान खालच्या टप्प्यावर पहार मारत होता. नियम असा होता की बत्ती लावण्याआधी तीन शिट्ट्या मारायच्या, लाल फडकं दाखवायचं, माणसं आडोशाला गेली की मगच बत्ती. शिटी पितळेची होती आणि ती दुमिंग मुकादमाच्या गळ्यात असायची. त्या दिवशी खाली रस्त्यावर ट्रक खोळंबले होते, बाकीची माणसं ते भरण्याच्या खडखडाटात होती. शिटी वाजली नाही.

पंचनाम्यात मुकादम म्हणाला, "तीन शिट्ट्या मारल्या. तो प्यायलेला होता. त्याला ऐकू गेलं नसेल."

इनास तेव्हा डोंगराखाली लोहाराकडे छिन्न्यांना धार लावून घेत होता. त्याने शिटी ऐकली नाही, पण तो लांब होता. त्याचा जोडीदार नाथा पाणी आणायला विहिरीवर गेला होता. तोही लांब होता. पण इनासला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. उपासकाळाच्या चाळीस दिवसांत सांतान दारूला शिवत नसे, आणि शुक्रवारी तर दुपारपर्यंत पाणीही घेत नसे. त्याची दशमी, दुपारची भाकरी, फडक्यात तशीच बांधलेली सापडली. ती कुणी पंचनाम्यात लिहिली नाही.

दुमिंग मुकादम गावातला मोठा माणूस. सणाच्या मिरवणुकीत पुढचा क्रूस तोच धरायचा. त्याचा शब्द खरा धरला गेला. सांतानला मूठमाती मिळाली, पण त्याच्यामागे नाव राहिलं ते बेवड्याचं. त्याची आई रेजीनबाय देवळात पुढून दुसऱ्या बाकावर बसायची. एकदा विहिरीवर कुणीतरी "बेवड्याची आय" म्हणालं. त्या रविवारपासून ती अगदी मागे, दाराशी, जमिनीवर बसू लागली.

"आय, पुढे चल."

"नको. इथे वारा लागतो."

इनासने जास्त विचारलं नाही. त्याने ते लक्षात ठेवलं.

बत्ती लावणारा पोपट महिनाभरात खाण सोडून शहाडच्या एका गिरणीत लागला होता. इनास कळव्याहून चालत शहाडला गेला. सकाळी निघाला, दुपारी पोचला. गिरणीच्या दाराशी पोपटने त्याला ओळखलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"मना काय इचारू नको, इनासभाऊ."

"एकच विचारतो. शिटी वाजली?"

"शिटी मुकादमाच्या गळ्यात असते."

"ते मला ठाऊक आहे. वाजली का?"

पोपटने हाताला चिकटलेला कापूस काढला. मग म्हणाला, "तो बोलला लाव, मी लावली. मना चार पोरं हायत. मी कुठे बोलणार नाय."

इनास परत चालत आला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, पण ते सांगणारं तोंड मिळालं नव्हतं. आता हे एकाच माणसाच्या तोंडून निघू शकत होतं, आणि तो माणूस दर शनिवारी कुमसाराला, म्हणजे फादरच्या कानात पाप सांगायला जायचा आणि दर रविवारी मिस्सेत, देवळातल्या उपासनेत, डोळे मिटून, जीभ पुढे काढून होस्तीची पवित्र चकती घ्यायचा. इनास मागे दाराशी आईजवळ उभा राहून त्याच्या मानेकडे बघायचा. मान जाड होती. खाणीतली शिटी रविवारीही त्या मानेभोवतीच्या काळ्या गोफात असायची, कोटाच्या आत.

तीन वर्षं गेली.

त्रेपन्न साली गावात नवं देऊळ उभं राहिलं. जुन्याच्या जागीच, पण पक्कं. बिशप येऊन आल्ताराचा, म्हणजे मिस्सेच्या वेदीचा दगड पवित्र करणार होते. तो दगड मुकादमाने द्यायचा ठरला, आणि मुकादम फादरला म्हणाला, "काम इनासला द्या. त्याच्यासारखा हात नाही." काम दिलं की माणसाचं तोंड बंद होतं, हे त्याला खाणीत चांगलं शिकायला मिळालं होतं.

फादर माप घेऊन इनासच्या दगड घडवायच्या मांडवात आले. दीड हात चौरस, चार बोटं जाड. चार कोपऱ्यांत चार क्रूस, मधोमध एक खोबण, आणि तिच्या झाकणावर पाचवा क्रूस.

"खोबण कशाला?" इनासने विचारलं.

"हुतात्म्याचं हाड ठेवायला. नखाएवढा तुकडा. रोमहून आलाय."

"कोणाचं हाड?"

"नाव ठाऊक नाही. भुयारात सापडलेलं." फादर लाकडी ओंडक्यावर बसले. सांगायला लागले की त्यांना वेळेचं भान राहत नसे. "पहिल्या दिवसांत रोममध्ये आपले लोक मेलेल्यांना जमिनीखालच्या भुयारांत पुरत. मैलोन्मैल भुयारं. ती खणणारी माणसं तुझ्यासारखीच, टिकाव आणि दिवा घेतलेली. त्यांना देवळात मान होता. हुतात्म्याच्या थडग्याच्या दगडावर मिस्सा व्हायची. म्हणून आजही आल्ताराच्या दगडात हाड लागतं."

"माती कसली तिथली?"

"मऊ दगड म्हणतात. हवेवर आला की घट्ट होतो."

"मग सोपं काम," इनास म्हणाला.

फादर हसले. "सोपं होतं ते खणणं. बाकी काही सोपं नव्हतं. राजाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला की जीव वाचायचा. पुष्कळांनी टाकला."

"त्यांचं काय केलं?"

"छळ संपल्यावर ते परत आले. रडत. पण त्यांना लगेच आत घेतलं नाही. देवळाच्या दाराशी थांबायचं. आत जाणाऱ्या येणाऱ्याला सांगायचं की मी चुकलो, माझ्यासाठी प्रार्थना करा. वर्षानुवर्षं. कुणाकुणाला तर मरेपर्यंत."

इनासने हातातली छिन्नी खाली ठेवली. "दाराशी?"

"दाराशी. तेव्हा प्रायश्चित्त चारचौघांत असायचं. आता कुमसारात, कानात."

"आणि कुणी दुसऱ्याचं नाव खराब केलं असेल तर? तेही कानातच?"

फादरनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "पाप कानात सांगता येतं. पण ज्याचं नाव घालवलं त्याचं नाव परत आणून द्यावं लागतं. ते आजही चुकत नाही."

"चव्हाट्यावर घालवलं असेल तर?"

"तर चव्हाट्यावरच परत द्यावं लागेल," फादर म्हणाले, आणि जरा थांबून, "इनास, मला कुमसारातलं काही विचारू नकोस."

"मी कुठे विचारलं? मी दगडाचं विचारतोय. बिशप दगडाला काय करतात?"

फादरनी सांगितलं. दगडाला तेल लावतात. मग पाचही क्रुसांवर धुपाचे दाणे ठेवतात, त्यावर बारीक मेणवातींचा क्रूस, आणि पाचही ठिकाणी पेटवतात. सगळं जळून राख होईपर्यंत थांबतात.

"दगडावर जाळ?"

"लहानसा. पण हो, जाळ."

फादर गेले तरी इनास बराच वेळ तिथेच होता. काळ्या दगडात शीर असेल आणि वर जाळ केला, तर तो दगड शिरेवर फुटतो. खाणीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मोठा धोंडा फोडायचा तर शिरेवर पाचोळा पेटवायचे.

त्या दिवसापासून इनासने दोन दगड शोधायला घेतले. चांगला दगड तिसऱ्या दिवशी मिळाला. वाईट मिळायला पाच आठवडे लागले. कारण तो नुसता वाईट नको होता. हातोडीला खणखणणारा, बोटाला गुळगुळीत आणि फक्त पाण्यालाच कळणारा हवा होता. खाणीतलं काम सुटलं की तो धोंडे उलथवायचा, तासायचा, पाणी ओतायचा, बघत बसायचा. रविवारी हातोडा उचलायचा नाही. बाकी सहा दिवस हेच. अकरा दगड त्याने टाकून दिले.

नाथा कंटाळला. "लोक चांगला दगड शोधतात. तू वाईट शोधतोस."

"वाईट नाय. चांगला दिसणारा वाईट."

"मग मुकादमालाच बसव की आल्तारावर! ठोकून बघ, खणखणतो पण."

इनास हसला नाही. बारावा दगड वाळत होता आणि त्याच्या अंगावर, एका कोपऱ्यातल्या क्रुसाच्या जागेवरून मधल्या खोबणीच्या जागेपर्यंत, एक काळी रेघ तशीच ओली राहिली होती.

"हा," तो म्हणाला.

दोन्ही दगड त्याने सारखेच घडवले. वाईट दगडावर एकही ठोका कमी मारला नाही. क्रुसाची खाच अर्धं बोट खोल, कडा धारदार, काटकोनाचा गुण्या लावला तर मधून उजेड दिसायचा नाही. मधल्या खोबणीला तीन दिवस लागले. दोन दगडांचे सहा. नाथा म्हणाला, "फुटणाऱ्याला एवढी मेहनत?" इनास म्हणाला, "मुकादमाला फरक कळता कामा नये." आणि खरं म्हणजे त्याला वाईट काम करताच येत नव्हतं.

बिशप येणार त्याच्या आदल्या दुपारी इनासने मुकादमाला मांडवात बोलावून घेतलं. मुकादम कोट घालून आला. देणारा माणूस दगड बघायला येतो, तसा.

"वा," तो म्हणाला. त्याने दगडावर हात फिरवला. "माझं नाव मागच्या बाजूला घातलंस ना?"

"थांबा." इनासने बादली उचलून दगडावर पाणी ओतलं. दगड मांडवाबाहेर उन्हात होता. "बसा, वाळेपर्यंत."

"मला वेळ नाही."

"बसा, मुकादम. तुम्हाला दगड कळत नाही. तुम्ही गाड्या मोजल्यात, दगड नाही फोडलात. बसा."

असं त्याला कुणी बोलत नसे. तो बसला. पाणी कडेने वाळत आत सरकलं. शेवटी रेघ तेवढी राहिली.

"ही शीर," इनास म्हणाला. "हा बसवला तर उद्या बिशप इथे, ह्या क्रुसावर जाळ करणार. दगड फुटणार. मधोमध, हाडासकट. पहिल्या बाकावर तुम्ही बसलेले असणार आणि सगळा गाव बघणार की दुमिंगचा दगड देवाने घेतला नाही."

मुकादमाच्या कपाळावर घाम आला. "दुसरा घे मग."

"दुसरा आहे. तयार आहे. आत फडक्याखाली." इनास त्याच्या समोर उकिडवा बसला. "उद्या मिस्सेआधी लोकांसमोर उभं राहायचं. सांगायचं, शिटी मारली नव्हती, सांतान प्यायला नव्हता. तुम्ही बोललात की मी चांगला ठेवतो."

"तू मला धमकावतोस? माझ्या खाणीत भाकरी खातोस तू!"

"खाणीत भाकरी खाल्ली नव्हती ती सांतानने. उपास होता त्याचा."

मुकादम उभा राहिला. कोटाची बटणं लावताना त्याचा हात एकदा गळ्याशी गेला आणि परत आला. मग तो हसला. "मेणबत्तीएवढा जाळ. त्याने काय दगड फुटतो? ठेव तुला कुठला ठेवायचा तो." आणि तो गेला.

नाथा मांडवाच्या खांबाला टेकून सगळं ऐकत होता. "आता?"

"आता चांगला उचल," इनास म्हणाला.

"चांगला? अरे, मग एवढे दिवस कशाला मेलास?"

इनासने फडकं काढलं. "हा फुटला तर लोक म्हणतील, इनासचं काम कच्चं. मुकादम म्हणेल, पाथरवट लबाड. सांतान राहील बेवडाच. आणि ज्याचं हाड आत ठेवणार त्याने माझं काय केलंय? त्याला तर नावही नाही. मला दगड नाही फोडायचा." त्याने दगडाची एक बाजू धरली. "मुकादमाला शीर दाखवलीय ना? आता ती त्याच्या आत आहे. धर."

दोघांनी तो देवळात नेला आणि संध्याकाळच्या आत लाकडी चौकटीत बसवला. इनासने एकदा पाणी ओतून बघितलं. सगळा एकसारखा वाळला.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. बिशप लांबलचक लॅटिनमध्ये म्हणत होते. मुकादम पहिल्या बाकावर, बायकोशेजारी, नव्या कोटात. इनास मागे दाराशी, आईजवळ. त्याने दगडाकडे बघितलंही नाही. तो मुकादमाच्या मानेकडे बघत होता, तीन वर्षं बघत होता तसाच.

खोबणीत हाडाची डबी गेली, वर झाकणाचा दगड बसला, चुना लावला. तेल झालं. मग धुपाचे दाणे ठेवले गेले. पाच जागी. त्यावर मेणवातींचे क्रूस. मुकादम पहिल्यांदा मागे वळला तो तेव्हा. त्याला इनास दिसला. इनास तसाच बघत राहिला. डोळासुद्धा हलवला नाही.

पाचही वाती पेटल्या. जाळ खरंच लहान होता, पण तेलामुळे तो पसरला आणि धुराचे पाच खांब वर गेले. लोक गुडघ्यांवर आले. मुकादम गुडघ्यांवर आला नाही. तो उभाच राहिला, बाकाची कड धरून. दुसऱ्यांदा वळला. तेव्हा त्याचा चेहरा ओला होता.

"बस ना," त्याची बायको म्हणाली. "लोक बघतात."

धुपाचा एक दाणा मोठा असावा. जाळात तो फुटला. टच् असा आवाज झाला, शांत देवळात स्पष्ट.

"नाही मारली!" मुकादम ओरडला. हात गळ्यापाशी, कोटाच्या आत, आणि शिटीचा गोफ मुठीत. "शिटी नाही मारली मी! ट्रक थांबले होते! पोरगा प्यायला नव्हता, मी खोटं सांगितलं, मी खोटं सांगितलं पोलिसाला. थांबवा, दगड फुटेल, काढा तो जाळ!"

लोक गुडघ्यांवरून उठू लागले. फादरचा चेहरा पांढरा पडला. बिशपनी वळून बघितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे. पण त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि वाती जळू दिल्या. शेवटची विझली. एका लाकडी फळीने त्यांनी राख गोळा केली. खालचा दगड काळाभोर, अखंड होता. पाचही क्रूस जसेच्या तसे.

मुकादम तो दगड बघत राहिला. मग तिसऱ्यांदा मागे वळला, आणि ह्या वेळी त्याला समजलं.

रेजीनबाय जमिनीवरून उठली. तिने पदर सारखा केला. ती भिंतीकडेने चालत पुढे गेली आणि दुसऱ्या बाकावर, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. तिथल्या बायका सरकल्या.

मिस्सा संपल्यावर मुकादमाने इनासला अंगणात गाठलं.

"दगड चांगला होता."

"हो."

"तू मला फसवलंस."

"तीन वर्षं तुम्ही गावाला फसवलंत. मी एक दिवस तुम्हाला." इनासने टोपी डोक्यावर ठेवली. "आणि मी एकही खोटा शब्द बोललो नाही. तुम्ही म्हणालात, ठेव तुला कुठला ठेवायचा तो. मी ठेवला."

पुढच्या रविवारी मुकादम दाराशी उभा राहिला. पुढे त्याला कुणी जागा दिली नसती, हे त्यालाही ठाऊक होतं. खाणीच्या मालकाने त्याला मुकादमकीवरून काढलं. पोपटही शहाडहून येऊन जबाब देऊन गेला.

महिन्याभराने फादर मांडवात आले. ओंडक्यावर बसले.

"इनास, तो रोज रडतो. त्याला आत येऊ दे."

"मी कुठे अडवलंय? दार उघडं आहे."

"तू बघतोस त्याच्याकडे. सगळे तुझ्याकडे बघतात, मग त्याच्याकडे. तू क्षमा केलीस तर गाव करेल."

"तुम्हीच सांगितलंत ना, रोममध्ये वर्षानुवर्षं उभे राहत?"

"ते मी शिकवण म्हणून सांगितलं. हत्यार म्हणून नाही."

"छिन्नी दोन्हीला चालते, फादर," इनास म्हणाला. "आय तीन वर्षं तिथे बसली. चूक नसताना. तो तीन वर्षं उभा राहू दे. मग या, मग बोलू."

फादर उठले. त्यांची नजर मांडवाच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या दगडावर गेली. "ह्याचं काय करणार?"

इनासला मेहनत वाया घालवणं आवडत नसे. त्याने पुढचे दोन दिवस त्या दगडावरचे पाचही क्रूस तासून सपाट केले, मधली खोबण झाकणाचाच तुकडा बसवून भरली, आणि देवळाच्या दारात, जिथे एक फरशी कमी पडली होती, तिथे तो बसवला. फादरनी नको म्हटलं नाही. चालायला दगड उत्तम होता.

दर शनिवारी बायका देऊळ धुतात. रविवारी पहाटे फरशी वाळलेली असते. दारातली तेवढी एक काळी रेघ ओली राहते, आणि दुमिंग तिच्यावर उभा राहतो, खाली बघत. इनास आता आईशेजारी दुसऱ्या बाकावर बसतो. 'आमच्या बापा' ही येशूने शिकवलेली प्रार्थना सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणतो. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ह्या ओळीला तो तोंड मिटतो, ओळ जाऊ देतो, आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करतो. खोटं बोलायची त्याला सवय नाही.